पार्षद मावशीच्या अंगणातली भांग

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा संरक्षण कारखान्यात आणि तिथल्या युनियनमध्ये होते. संध्याकाळी त्यांच्या डब्याच्या पिशवीतून गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर काहीतरी छापलेलं घरी यायचंच. मी तो हिंदी मजकूर मोठ्यानं वाचायची आणि नंतर अर्थ विचारायची. ‘शोषण’ हा शब्द मला ‘सहल’ या शब्दाच्या आधी कळला असावा. त्यामुळे मावशी आमच्या शहरातल्या गोरखपूर वॉर्डातून पार्षद, म्हणजे नगरसेविका, म्हणून निवडून आली तेव्हा तिची पत्रकं कोण लिहिणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

मावशीचं पहिलं मोठं काम भांगेच्या दुकानाचं होतं. आमच्याकडे भांग सरकारी परवान्याच्या दुकानात उघड मिळते. आमच्या भागातलं हे दुकान मुलींच्या शाळेच्या भिंतीला लागून होतं. भांगेची गोळी घेऊन माणसं तिथेच शाळेच्या फाटकाशी उभी राहायची, मुलींना काहीबाही बोलायची, आणि मुली मागच्या गल्लीनं वळसा घालून घरी जायच्या. दुकान तिथून हलवा, एवढीच मावशीची मागणी होती. एवढ्याशा मागणीनं माझं समाधान होईना. मी सगळ्या नशेवरच तुटून पडले. ज्या घरात नशा घोटली जाते ते घर मोहल्ल्याला काय वाचवणार, असं एक वाक्य मी त्यात घातलं. बाबांनी ते दोनदा वाचून मान डोलावली. मावशीनं होकार दिला, मावसाजींनी छापून आणलं.

पत्रक वाटलं गेलं आणि त्याच आठवड्यात महाशिवरात्र आली. त्या दिवशी मावशीच्या अंगणात भांग वाटायची रीत आजोबांपासूनची. राज्यांची फेररचना होऊन नागपूर मराठी राज्यात गेलं, आजोबांची नोकरी इकडे हिंदी मुलखात राहिली, त्या काळापासूनची. आधी पानं भिजवायची, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची, मग बडीशेप, काळी मिरी, खसखस, बदाम घालून पाट्यावर लोण्यासारखी वाटायची. दुधात कालवून फडक्यानं गाळली की तांबे भरून ओळखीच्या सगळ्या घरी जायचे. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराकडे एक, महापालिकेतल्या मोठ्या साहेबांकडे एक. साहेब दरवर्षी निरोप धाडायचे की आपली जरा कडक ठेवा. मी स्वतः त्या दिवशी बडीशेप निवडत बसले होते. ओसरीवर उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा पडला होता आणि त्यावर आम्ही बदामाची परात ठेवली होती. तरी आमच्यापैकी एकालाही काही वाटलं नाही. नशा म्हणजे दुकानातली, फाटकाशी उभ्या राहणाऱ्यांची. आमच्या घरातला तो प्रसाद होता.

ज्याला वाटायला हवं होतं त्याला बरोबर वाटलं. मावशीच्या आधीचा पार्षद हरल्यापासून टपूनच होता, आणि ते दुकान त्याच्या मेव्हण्याचं होतं. वॉर्डाची सभा रविवारी होती. त्याच्या आदल्या सकाळी मोहल्ल्याच्या मोबाइल ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मावशी पदर खोचून हिरवं दूध गाळतेय, आणि कुणाला तरी म्हणतेय, “अजून एक घे ना, लाजून काहून राहिला?” खाली माझं ते वाक्य, जसंच्या तसं.

दुपारी सगळे मावशीकडे जमले. मावसाजींनी आयुष्यभर कारखान्याच्या तपासणी विभागात नोकरी केली, त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. सभेत सांगायचं की ती साधी ठंडाई होती.

बाबांनी रंगाचं विचारलं.

“पिस्ता,” मावसाजी म्हणाले.

बाबांना हसू आवरेना. मग ते गंभीर होऊन म्हणाले की सभेलाच जाऊ नये, ताप आला म्हणून कळवावं. पार्षद पद असं एका व्हिडिओनं जात नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण मावशी गल्लीतून जाताना लोक तोंड फिरवून हसणार, तिनं काही मागितलं की हिरव्या दुधाची आठवण काढणार, आणि दुकान शाळेच्या भिंतीला चिकटून राहणार, हेही दिसतच होतं. मी म्हटलं, खोटं मी लिहून देणार नाही. मावसाजी माझ्याकडे वळले.

“पत्रक लिहिताना कुठं गेलतं तुझं खरं?”

मावशी भेंडी चिरत होती. तिनं कुणाचंच म्हणणं खोडलं नाही, कुणाला हो म्हटलं नाही. चिरून झाल्यावर उठली आणि फोडणी घातली. ती काय करणार ते त्या रात्री मावसाजींनाही कळलं नसावं.

सभा सामुदायिक भवनात होती. एरवी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, त्या दिवशी लोक दारात उभे होते. मावसाजी माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाले, पिस्ता म्हणाली तर बरं. माजी पार्षदानं माझं पत्रक उघडलं आणि ते वाक्य सावकाश, चवीनं वाचलं. मी खाली बघत होते. मग त्यानं अतिशय आदरानं विचारलं, “दीदी, शिवरात्रि पे आपके घर क्या घुटता है?”

“भांग,” मावशी म्हणाली.

दारातले लोक आत सरकले.

“हर साल घुटती है. आपके घर भी लोटा आता है, भैया. इस बार भाभीजी ने माँजकर लौटाया, चमचम.”

हसू आधी बायकांच्या बाजूनं आलं. मग सगळीकडून. मावशी मात्र हसली नाही. तिनं हात वर केला आणि सांगितलं की पत्रकातलं ते वाक्य चूक आहे, ती ते परत घेते. दुकान बंद करा असं ती म्हणत नाही, तिला तसं म्हणायचा हक्क नाही. दुकान शाळेच्या फाटकापासून लांब न्या, एवढंच ती म्हणते. ज्याला गोळी हवी तो चार पावलं जास्त चालेल. माझं वाक्य भर सभेत मोडीत निघत होतं आणि मला बरं वाटत होतं. मावसाजींनी इतका मोठा श्वास सोडला की पुढच्या रांगेतल्या आजींनी वळून पाहिलं.

तेवढ्यात मागून एक बाई उभी राहिली. तिचा नवरा रेल्वे स्टेशनवर हमाल होता. त्याच्या खिशात गांजाची पुडी सापडली म्हणून तो तुरुंगात होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

ती म्हणाली, “दीदी, पौधा तो एक ही है. आपके यहाँ प्रसाद, मेरे आदमी को जेल?”

या वेळी कुणी हसलं नाही. मावशी खुर्च्यांमधून तिच्याजवळ गेली. मग म्हणाली की कायदा पानाला, म्हणजे भांगेला, वेगळं मानतो आणि फुलाला, म्हणजे गांजाला, वेगळं, पण तुझा प्रश्न कायद्याचा नाही, ते मला कळतं. हे बदलणं पार्षदाच्या हातात नाही. पण हे चूक आहे असं मी जिथे उभी राहीन तिथे बोलेन, आणि उद्या तुझ्याबरोबर वकिलाकडे येईन. ती गेलीही. जामीन मिळायला पावसाळा उलटला.

तेव्हापासून या विषयावर कुणी भाषण करू लागलं की मी एकच गोष्ट ऐकायला थांबते, तो स्वतःच्या घरातलं सांगतो का. कुणी म्हणतो गांजा खुला करा, औषध आहे, सरकारला उत्पन्न मिळेल. कुणी म्हणतो संस्कृती बुडेल. यातले कितीतरी खुर्चीवरचे लोक सणाला तांब्या रिकामा करतात आणि दुसऱ्या दिवशी नशामुक्तीची शपथ देतात. गांजा ओढणं चांगलं आहे असं माझं म्हणणं नाही. पण एका पुडीसाठी हमालानं तुरुंगात जावं आणि साहेबांनी कडक मागून घ्यावी, हे मला आजही सहन होत नाही. आपल्या घरात काय घोटलं जातं ते आधी सांगा, मग कायदा करा.

त्या दिवशी सभा संपल्यावर आम्ही पायीच परतलो. मावशी पुढे, आम्ही मागे. मला वाटत होतं की कुणीतरी खिडकीतून काही बोलेल. कोपऱ्यावर किराणा दुकानदार खरंच दुकानातून खाली उतरला आणि आडवा आला. मावसाजी थबकले.

“पार्षदजी,” तो म्हणाला, “नाली फिर चोक है. पूरी दुकान में बास आ रही है. कब आएगी गाड़ी?”

मावशी थांबली, वाकून नाली पाहिली, आणि म्हणाली, आज रविवार आहे, उद्या सकाळी मी स्वतः उभी राहते. तो म्हणाला, मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होता. मग दोघं तिथेच वाद घालत उभी राहिली, आणि मी आणि मावसाजी बाजूच्या ओट्यावर आरामात बसलो.