दहावा सेल

बाबांची तुमसरला धानाची अडत होती. साठीला आल्यावर त्यांनी सागाच्या लाकडातून हातभर लांबीची होडी कोरली आणि मामांनी परदेशातून आणलेला काठावरून रेडिओने चालवायचा मोटरचा संच तिच्यात बसवला. सोबत पुन्हा चार्ज करता येणारे दहा सेल होते. तसे इकडे कुठे मिळत नसत. माहितीपत्रक इंग्रजीत होतं. ते मी वाचून सांगायची. त्याआधी आमचं दोघांचं फारसं बोलणं होत नसे. मी नागपूरच्या वसतिगृहात वाढले होते. सुटीत घरी आले तरी पाहुण्यासारखी राहायची.

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात बाबांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. नागपूरला जाण्याआधी होडी गावच्या तलावाच्या पलीकडच्या काठाला लागून परत आलेली त्यांना पाहायची होती. तेवढंच त्यांनी मागितलं.

पहिल्या दिवशी होडी मधोमध थांबली. आदल्या संध्याकाळी रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या मीटरवर मी सगळे सेल तपासले होते. दहाही सव्वा व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेले, दाखवत होते. मासे धरणाऱ्या एकाने डोंग्यातून होडी आणून दिली. म्हणाला, "शेटजी, पुढच्या खेपेले वल्हं बी द्या तिले."

बाबा हसले. वाटेत मात्र म्हणाले, "तोंडावरचा धान पाहून पोतं घेतलं आपण. जलमभर दुसऱ्याले शिकवलं, अन् मीच चुकलो."

अडतीत पोत्याच्या पोटात परखी खुपसतात. ती पोकळ लोखंडी सळई आतला धान घेऊन बाहेर येते. सेलची परखी बाबांनी दुसऱ्याच दिवशी केली. जळालेल्या विजेच्या शेगडीच्या स्प्रिंगचा तुकडा ताणून वीतभर केला आणि फळीवर दोन खिळ्यांना बांधला. सेल त्याला जोडला की होडीच्या मोटरसारखी ती तार भरपूर वीज ओढायची. तेव्हा दुरुस्तीवाल्याकडून मागून आणलेलं मीटर पाहायचं, मिनिटभर. काटा एकाच्या वर टिकला तर सेल चांगला. मिनिट बाबा तोंडाने मोजत, धान मोजताना मोजतात तसं, 'एक' न म्हणता: "लाभ, दोन, तीन..."

आई दारातून म्हणाली, "नातू खेळवाच्या वयात होडी खेळवून राहिले."

"नातू आणून दे, त्याले बी बसवतो तिच्यात."

मी मान खाली घालून मीटर पाहत राहिले.

होडीला सहा सेल लागत. नऊ तपासून झाले तेव्हा पाच टिकले होते, चार पार घसरले होते. दहावा जोडला. मीटरचं तोंड माझ्याकडे होतं. बाबा चाळिसावर पोचले तेव्हा काटा एकाखाली आला आणि साठला अर्ध्यावर होता.

"किती?"

"एकाच्या वर," मी म्हटलं आणि कागदावर तसाच आकडा लिहिला.

बाबांनी तारेवर बोट ठेवलं. थोडा वेळ ते तिथेच होतं.

"पाच चांगल्याईनं तार अशी तापवली का बोट टेकू नाई दिलं, बाई. हे तर कोमट आहे." मग माझ्याकडे न बघता, "काहून?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

सकाळी पाच चांगले आणि तो दहावा घालून होडी सोडली. ती तलावाच्या एक तृतीयांशापर्यंत गेली असेल. जोरात होती. कोणी काही म्हणायच्या आत बाबांनी तिला वळवलं.

"अजून जाईल की, बाबा."

"जाईन. पण परत याले पायजे."

होडी शेवटी हळू झाली, पण काठाला लागली. बाबांनी स्वतः वाकून ती उचलली आणि धोतराच्या सोग्याने पुसली. पलीकडच्या काठाकडे त्यांनी एकदा पाहिलं.

दोन दिवसांनी आम्ही नागपूरला गेलो. बाबा परत आले नाहीत.

ती फळी माझ्याकडे आहे. कागद तिच्या पाठीला चिकटवलेला आहे. दहाव्या ओळीत एक आकडा खोडून शेजारी दुसरा लिहिलेला दिसतो. दोन्ही माझ्याच अक्षरात आहेत.