गुलाबी औषध

आमच्या पेठेतल्या दवाखान्याचा कंपाउंडर पित्ताच्या प्रत्येक रोग्याला एकच गुलाबी औषध देई. आपण घरून नेलेल्या बाटलीत ते ओतून, डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवत तो दरडावायचा, “तिखट बंद, मटण बंद, च्या बंद! जगायचं हाय का न्हाय?” मी तीन महिने मुकाट्यानं मऊ भात गिळला.

एका रविवारी पाहुण्यांसाठी डबा आणायला खानावळीत गेलो, तर हा तांबड्या रश्श्याची तिसरी वाटी तोंडाला लावून बसलेला. मला बघूनही लाजला नाही. करपट ढेकर देऊन त्यानं खिशातून खायच्या सोड्याची पुडी काढली.

“आणि ते गुलाबी औषध?”

“त्येनं कुणाचं पित्त गेलंय व्हय, पावणं? उद्या बाटली धुऊन आणा.”

सोमवारी मी बाटली धुऊन नेली.