बुडबुडा मधोमध

शेजारच्या फ्लॅटमध्ये फरशी बसवतायत. ओल्या सिमेंटचा वास जिन्यातून आत आला आणि वाईच्या आमच्या घरातली न्हाणी आठवून, इतक्या वर्षांनीही, मला स्वतःचाच राग आला.

आई गुडघ्याचं ऑपरेशन करून साताऱ्याहून परतणार होती. न्हाणीतल्या जुन्या गुळगुळीत दगडावर तिचा पाय घसरायला नको, म्हणून मी नवी खरखरीत फरशी घालायला घेतली. दाजी मिस्त्रींचं काम संपत आलं तेव्हा मी वर लेव्हलची पट्टी ठेवून पाहिली. आतला बुडबुडा एका बाजूला सरकलेला!

"दाजी, वाकडं झालंय. बुडबुडा मधोमध आला पाहिजे."

"आवं, पाणी मोरीकडं जायला उतार लागतोय. बुडबुड्याला न्हाई आंघूळ करायची, आईला करायचीय."

पण मी पुण्यात नोकरीला होतो, मला सगळंच कळत होतं. फरशी उचकटून सपाट करून घेतली.

आई घरी आली आणि वॉकर घेऊन न्हाणीच्या दारात उभी राहिली. मी थाटात बादली ओतली. पाणी मोरीकडे गेलंच नाही, फरशीभर पसरून उभं राहिलं.

"काय रं, मासं सोडतोस व्हय हितं?" आई म्हणाली, पण टेकवलेला पाय तिनं घाबरून मागे घेतला.

दाजींनी छिन्नी उचलली. मी पुन्हा पट्टी शोधू लागलो.

"ती ऱ्हाऊ द्या. तुमी आईजवळ बसा. तेवढंच काम हाय तुमचं."

आईशेजारी बसून चार दिवस मी त्या अपमानानं धुमसत राहिलो. त्या चार दिवसांत ती माझ्याशी काय काय बोलत होती, ते आता काही केल्या आठवत नाही.