कोपऱ्यातलं नाव

बाळकाका गेल्याचा फोन शेजारच्या तिवारीकाकूंनी केला, तेव्हा दुःखाच्या आधी माझ्या मनात आलं ते काकांचं कुलूपबंद कपाट. खोटं कशाला सांगू? महिना उलटून गेला, अजून त्याची लाज वाटते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे, दादांचे, धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, टाउनशिपमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये शेवटपर्यंत राहिले. शाजापूरकडचा संस्थानी काळातला मोठा मळा आमच्या पणजोबांचा, असं दादा जन्मभर सांगत आले. पुरावा म्हणजे घरातला जुना नकाशा. त्यात विहीर, आमराई, बांध आणि खाली कोपऱ्यात पणजोबांचं नाव. भोपाळातच शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून कारकुनी करतानाही दादा ताठ चालायचे, ते त्या नावाच्या जोरावर. निवृत्तीनंतर काकांनी मळ्याचा छडा लावायचं मनावर घेतलं. नकाशा नेला, बसने शाजापूरला खेपा घातल्या, जुन्या दप्तरातून नकला आणल्या. आणि एकाएकी गप्प झाले.

दादा आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, शाहपुऱ्यात राहतो; तिथून मी काकांकडे मुद्दाम जायची. मला पाहिलं की टेबलावरचा कागद गुंडाळला जायचा. विचारलं की एकच उत्तर, "नक्शा अजून पक्का नाही झाला, बेटा." नकाशा परत मागितला की चहा टाकायला उठायचे. माणूस उगाच का इतकं लपवतो? मळा परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतायत, अशी माझी खात्रीच झाली. एकदा तसं तोंडावर बोललेसुद्धा. ते रागावले नाहीत, पेन्सिलीला टोक काढत राहिले... त्याचा मला आणखीच संशय आला.

तेराव्यानंतर कपाट उघडलं. आमच्या नकाशाखाली आणखी तीन मळ्यांच्या नकाशांच्या नकला होत्या. प्रत्येकाच्या माथ्यावर मालकाचं नाव वेगळं, कोपऱ्यात मात्र सगळीकडे पणजोबाच. आमच्या नकाशाचा माथा कधीच फाटून गेलेला. म्हणजे पणजोबा मळ्याचे मालक नव्हतेच, नकाशे काढणारे होते. काकांनी स्वतः जन्मभर ड्रॉइंगच्या कोपऱ्यातच सही केली. त्यांना हे कळायला कितीसा वेळ लागला असेल? एका नकलेच्या मागे त्यांच्या पेन्सिलीतले तीनच शब्द होते, पणजोबांच्या रेषांना दाद देणारे, 'हात फार साफ.' मी तिथेच खाली बसून रडले.

काकांचा ड्रॉइंग बोर्ड आता दादांच्या खोलीत आहे, त्यावर तो नकाशा लावलाय. दादांना आता दिसत नाही. रोज ते बोटांनी चाचपत कोपऱ्यापर्यंत येतात आणि विचारतात, बाळच्या कागदांत काही सापडलं का.

"अजून पक्कं नाही, दादा," मी म्हणते.

परवा त्यांनी बोट कोपऱ्यावरून उचललंच नाही. मग म्हणाले, "बाळही असंच म्हणायचा. तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवलंय."

रविवारची पुरवणी मीच त्यांना वाचून दाखवते. हे ज्या पानावर छापून येईल, ते वगळेन.