आदर्श कॉलनीतली खानावळ

शिरूरच्या बाहेर, नगर रस्ता सोडून आत वळलं की आमची कॉलनी लागते. कॉलनीत दोन वकील आहेत, एक डॉक्टर आहे आणि निवृत्त मास्तर तर पैशाला पासरी. पण कचऱ्याची तक्रार करायची म्हटलं की सगळ्यांना एकच नाव आठवायचं, धुरपदामावशी. सातवी नापास बाई. बाकीच्यांना तक्रार करायला वेळ नसायचा. तक्रारीवर चर्चा करायला मात्र भरपूर वेळ असायचा, कारण ती चर्चा मावशीच्याच खानावळीत, मावशीच्याच चहावर चालायची. मीही त्यात असायचो.

मावशी मूळची खुटबावची. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा तिनं रडत न बसता घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं टाकली आणि नवऱ्याला भाजी चिरायला बसवलं. एमआयडीसीतली परप्रांतीय पोरं 'मौसी, मौसी' करत यायची आणि बाजरीची भाकरी खायला शिकायची. घर चालायचं ते त्या चार टेबलांवर.

खानावळीच्या बरोबर समोर विजेची डीपी आहे. घंटागाडी गाणं वाजवत यायची खरी, पण कधी येणार हे तिचा ड्रायव्हर भारत यालाच ठाऊक. गाणं ऐकून माणूस बादली घेऊन दारात येईपर्यंत गाडी पुढच्या गल्लीत गेलेली असायची. आता चारचौघांत बादली घेऊन बाहेर पडलेला सुशिक्षित माणूस ती भरलेली परत घरात कशी नेणार? तो ती डीपीखाली ओतायचा आणि नगरसेवकाला शिव्या देत घरी जायचा. मावशीचा स्वतःचा कचरा त्या ढिगात नसायचाच. तिचं खरकटं रोज एक म्हशीवाला म्हशींसाठी घेऊन जायचा. तिच्या वाट्याला फक्त माश्या यायच्या.

माश्या ताटावर बसायला लागल्या तशी पोरं एकेक करून हायवेकडच्या खानावळीत सरकायला लागली. मावशी भारतला बोलली. भारत म्हणाला, "मावशी, मी काय करू? वरनं जसं सांगत्यात तशी गाडी फिरवतो." मावशी नगरपरिषदेच्या ऑफिसात गेली. तिथं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दखल घेतली. आपल्याकडं दखल घेतली की काम झालं असं समजायची पद्धत आहे. मावशीला ती पद्धत माहीत नव्हती, म्हणून ती परत परत जात राहिली.

शेवटी आमच्या कॉलनीचं भावी नेतृत्व पुढं आलं. रविराज. या पोराच्या वाढदिवसाचे फ्लेक्स इतके लागतात की त्याचं नेमकं वय त्याच्या आईलाही सांगता येणार नाही. तो म्हणाला, "मावशी, तक्रारीनं कुणी हलत न्हाई. सत्कार करा. भारतचा सत्कार केला ना, मग बघा, लाजंकाजंनं तरी गाडी दारात हुबी ऱ्हाईल."

हे ऐकून कुणाला हसू आलं नाही, कारण सत्कारावर आमच्या भागाची नितांत श्रद्धा आहे. इथं साहेब बदलून आला तर सत्कार, बदलून गेला तर सत्कार, आणि बदली रद्द झाली तर दोनदा सत्कार. मावशीलाही ते पटलं. "गोडीनं व्हत आसंल तर वाकडं कशाला बोला?" म्हणाली बिचारी.

सत्कार डीपीसमोरच ठरला. आदल्या दिवशी भारतनं स्वतः येऊन ढीग उचलला, वर पांढरी पावडर टाकली. कुशाबाईनं रांगोळी काढली. ही मावशीची शेजारीण; ढिगात तिची बादली सगळ्यांत नेमानं रिकामी व्हायची. ऑफिसातले साहेबही आले. शाल, श्रीफळ, फेटा. मास्तर लोकांनी भाषणं केली. भारतच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. आयुष्यात त्याच्या डोक्यावर फेटा पहिल्यांदाच चढला होता. मावशीनं सगळ्यांना जिलबी वाटली. मागं फ्लेक्स होता, 'आदर्श स्वच्छ कॉलनी', आणि खाली 'समस्त रहिवासी'.

आठवडाभर गाडी खरंच दारात थांबली. मग भारतला दुसऱ्या भागात पाठवलं, कारण तिकडं घाण फार होती आणि आमची कॉलनी तर आदर्श. नवा ड्रायव्हर आला तर आला. ढीग पुन्हा पहिल्यासारखा झाला. मावशी ऑफिसात गेली तेव्हा साहेबांनी मोबाइल काढून सत्काराचा फोटो दाखवला. "बाई, जिलबी तुम्हीच वाटलीत ना? आन् आता तुम्हीच तक्रार घेऊन येता व्हय?"

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. रविराजनं तो फोटो वर कुठं कुठं पाठवला होता. त्यामुळं एके दिवशी आदर्श कॉलनी बघायला समिती आली आणि उतरली ती थेट ढिगासमोर. ज्याचा फेटा बांधून सत्कार झाला त्याची चूक निघणं शक्य नव्हतं. ज्या साहेबांनी फेटा बांधला त्यांची तर नव्हतीच. रहिवासी पडले आदर्श. समितीनं आजूबाजूला पाहिलं, समोर खानावळीची पाटी दिसली. खाण्याच्या जागेसमोर एवढी घाण ठेवल्याबद्दल मावशीला नोटीस मिळाली. जागा स्वच्छ होईपर्यंत खानावळ बंद.

आम्ही सगळे हळहळलो. वकील म्हणाले, केस उभी राहू शकते. मास्तर म्हणाले, कलियुग आहे. मला आजही राग येतो तो याचा, की समितीसमोर तोंड उघडायला आमच्यातला एकही पुढं झाला नाही.

मावशीनं आणि तिच्या नवऱ्यानं भाड्याचा ट्रॅक्टर लावून ढीग उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी डीपीखाली पुन्हा पिशव्या होत्या. समिती काही परत जागा बघायला आली नाही, आणि पोरं उपाशी किती दिवस थांबणार? ती कायमची हायवेला गेली. मग मावशीनं गावाकडं, यवतच्या एका ढाब्यावर भाकरी थापायचं काम धरलं. स्वतःच्या चुलीची मालकीण दुसऱ्याच्या चुलीपुढं बसायला निघाली. मला फार वाईट वाटलं.

टेम्पोत टेबलं चढत होती तेव्हा कुशाबाई पिशवी घेऊन आली. ती डीपीखाली ठेवून मावशीजवळ गेली, पदरानं डोळे पुसले. खोटं नव्हतं ते रडणं.

"तुझ्याबिगर करमायचं न्हाई गं धुरपदा," ती म्हणाली. "आन् जायच्या आधी ऑफिसात तेवढं एकदा जाऊन ये की. गाडी आलीच न्हाई चार दिवस. तुझ्याशिवाय कोण बोलायचं आमच्यासाठी?"

मावशीनं पुढं होऊन ती पिशवी उचलली, कुशाबाईच्या हातात परत दिली आणि टेम्पोत जाऊन बसली.