अकरा नंबरचा शिक्का

सौंसरच्या बसस्टँडवर मला नागपूरच्या गाडीत बसवून द्यायला वहिनी एकटीच आली होती. बाबा घराबाहेर पडलेच नाहीत. आई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पोट भरलं तरी फोन करजो, नाही भरलं तरी करजो." लग्न मोडून मी माहेरी आले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. वस्तीतल्या बायका विहाराच्या पायरीवर बसून माझं पुढं काय होणार ते बोलायच्या, आणि मी दिसले की त्यांना एकदम घरची कामं आठवायची. ही पोरगी अजून किती दिवस राहणार, असं वहिनी मात्र त्या दीड वर्षात एकदाही म्हणाली नाही. उलट तिनंच मला हात धरून संत्र्याच्या शेडवर नेलं.

पॅकिंग मला तिनं शिकवलं. लहान फळ कोणतं, मोठं कोणतं, हे ती हातात घेताच सांगायची. पेटीत खाली वाळलेलं तणस, मग कागद, मग संत्र्यांचे थर. देठ कुठं ठेवायचा म्हणजे शेजारचं फळ दुखावणार नाही, हे तिच्या बोटांना पाठ होतं. व्यापारी दिल्लीचा असो की बांगलादेशला माल धाडणारा, वहिनीच्या हातची पेटी उघडून पाहत नसे. पण शेडचं काम बहारापुरतं. माल संपला की बायका पुन्हा कापसात, नाहीतर घरी. म्हणून पांढुर्ण्याची एक बाई चाकणच्या कारखान्यांत कामाला पोरी नेते असं कळलं, तेव्हा मी नाव दिलं. बस लोधीखेड्याकडे वळेपर्यंत वहिनी स्टँडवर उभी होती.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमचं सौंसर मध्य प्रदेशात, तरी गावी आम्ही मराठी. शाळेत हिंदी शिकलो तरी घरात, भांडणात, रडण्यात मराठीच. चाकणला पोचले आणि पहिल्याच दिवशी ठेकेदाराचा माणूस आधार कार्ड पाहून म्हणाला, "एमपीची का? मराठी बरी बोलता की." त्यानंतर मी तिथं एमपीवाली झाले. माझ्या 'मले-तुले'वर पोरी हसायच्या. सहा महिन्यांत मी 'मला-तुला' म्हणायला शिकले, आणि घरी फोनवर तसंच बोलून बसले, तर आई म्हणाली, "कोणासंग बोलून राहिली तू?"

काम गाड्यांच्या सुट्या भागांचं होतं. ब्रेकचं एक किट म्हणजे दोन पॅड, चार क्लिपा, एक माहितीचा कागद. ते छोट्या बॉक्समध्ये, छोटे बॉक्स मोठ्या कार्टनमध्ये, वर टेप, वर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर पॅक करणारीच्या टेबलचा शिक्का. आठ तास उभं राहायचं. तळपाय सुजायचे, पुठ्ठ्यानं बोटं चिरायची, आणि बॉक्समध्ये काय भरतो आहोत ते कोणत्या गाडीला लागतं हे कुणालाच माहीत नसायचं. संत्र्याला निदान वास होता.

पण मी टिकले. दोन वर्षांत लाइन लीडर झाले, बारा टेबलं माझ्या हाताखाली आली. त्याच सुमाराला दादाची कंबर गेली आणि तो अंथरुणाला खिळला. मीच फोन करून वहिनीला बोलावलं. आठ वर्षांची मुलगी पूनम माझ्या आईजवळ ठेवून ती आली. तिला अकरा नंबरचं टेबल मिळालं. पंधरा दिवसांत ती लाइनवर सगळ्यांत वेगवान झाली. मला इतका अभिमान वाटायचा की मी दुसऱ्या पोरींना तिच्या टेबलाशी नेऊन दाखवायचे, बघा, असं भरायचं.

एका दुपारी गेटवर तिच्यासाठी फोन आला. पूनमला ताप चढला होता. गाडी डिस्पॅचला उभी, सुपरवायझर ओरडत होता. मी म्हटलं, "वहिनी, तुमी जा, मी पाहते टेबल." तासभर मी अकरा नंबरवर उभी राहिले. क्लिपांचा ट्रे संपत आला होता. नवा ट्रे आणायला स्टोअरपर्यंत जावं लागलं असतं. मी तीन-तीन क्लिपा टाकत गेले. चार क्लिपांत नि तीन क्लिपांत काट्यावर फरक दिसत नाही, हे मला माहीत होतं. दोन कार्टन तसे गेले. शिक्का अकराचाच मारला.

महिन्याभरानं माल परत आला. ब्रेकचा माल, म्हणून कंपनीत मोठा गोंधळ झाला. मॅनेजरनं आम्हां दोघींना केबिनमध्ये बोलावलं. त्याच महिन्यात मला ठेक्यावरून काढून कंपनीच्या कायम यादीत घेणार होते, तसा कागद त्याच टेबलावर पडलेला होता.

"अकरा नंबर कोणाचा?"

"माहा," वहिनी म्हणाली.

"कसं झालं हे?"

वहिनीनं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शेडवर शंका आलेलं एखादं फळ हातात घेऊन ती जशी थांबायची, तशी थांबली. मी चिठ्ठीवरच्या शिक्क्याकडे पाहत राहिले.

"माह्यानंच झालं असंन," ती म्हणाली.

मॅनेजरनं मला विचारलं, "लीडर म्हणून तुमचं काय म्हणणं?" मी म्हणाले, "सर, नवीन आहे ती." मी बोललेलं वाक्य एवढंच. तिला त्याच दिवशी काढलं, आणि चाकणमध्ये दुसरीकडेही कुठं काम देणार नाही असं ठेकेदारानं सांगितलं.

कंपनीतून खोलीवर येताना तिनं भाजी घेतली, नेहमीसारखी घासाघीस केली. जिन्याशी येऊन म्हणाली, "तू बोलली असती तं दोघींचंही गेलं असतं. थे समजते मले. पण मी तुह्या तोंडाकडे पाहून राहिली होती, वनिता." दुसऱ्या दिवशी ती गावी गेली. मी शिफ्ट सोडून तिला पोचवायला गेले नाही. लीडरला सुट्टी मिळत नाही, असं सांगितलं. मागितली असती तर मिळाली असती.

आता मी सुपरवायझर आहे. दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे, गॅलरीत मोगरा आहे. वहिनी बहारात शेडवर जाते, एरवी कापसात. दादा काठी घेऊन अंगणापर्यंत येतो. वर्षातून दोनदा मी जाते, सगळ्यांना कपडे नेते, आई शेजारणींना बोलावून दाखवते. वहिनी माझ्याशी नीट बोलते. फक्त चाकणहून परतल्यापासून ती मला 'तुमी' म्हणते. आईला वाटतं, नणंद मोठ्या हुद्द्यावर गेली म्हणून मान देते.

मागच्या उन्हाळ्यात गेले तेव्हा पूनमची बारावी झाली होती. परतायच्या दिवशी जेवायला बसलो असताना ती म्हणाली, "आत्या, मले ने ना तुह्या कंपनीत."

आई लगेच म्हणाली, "ने तिले. घरचं माणूस तिथं असल्यावर भेव कायचं?"

वहिनी चुलीपाशी होती. वळली नाही. "नागपूरले जाय," ती पूनमला म्हणाली. "बुटीबोरीले जाय. पाहिजे तिथं जाय. आत्याच्या हाताखाली नोको."

"काहून?" पूनमनं विचारलं. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाहाय, कशी बोलून राहिली! तू एवढं केलं तिच्यासाठी, आणि हिनं काम बिघडवून ठेवलं तिथं."

नऊ वर्षं माझ्या घरात हे असंच सांगितलं जात होतं, आणि मी ते ऐकत जेवत होते. त्या दिवशी घास खाली ठेवला आणि सांगून टाकलं. ट्रे, क्लिपा, शिक्का, केबिन. दादा काठी टेकत दारात येऊन उभा राहिला होता, त्यानंही ऐकलं. आईनं तोंडाला पदर लावला. पूनम माझ्याकडे अशी पाहत होती, की मी कोण ते तिला नव्यानं कळत असावं.

इतक्या वर्षांत मी मनाशी धरून चालले होते, की कधीतरी हे बोलून टाकलं की वहिनी चिडेल, दोन शिव्या घालेल, रडेल, आणि मग मला पुन्हा 'तू' म्हणेल. माझ्या लेखी घर म्हणजे तेवढंच उरलं होतं.

ती उठली. माझ्या ताटात गरम भाकर टाकली, वर थोडं तेल सोडलं.

"जेवा तुमी," ती म्हणाली. "गाडी चुकंन तुमची."