दोन्ही ताटं एकदम

महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी माझ्या आत्याइतकं हेकट माणूस सापडायचं नाही. सावित्रीला पूर आला तर तो निदान ओसरतो तरी. आत्याचा हट्ट चढला की चढला. आणि एवढा हट्ट कशासाठी, तर नवऱ्याबरोबर जेवायला बसण्यासाठी. यात हट्ट कसला, बसावं की, असं ज्यांना वाटेल त्यांनी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या तिच्या वाडीत सून म्हणून चार दिवस राहून बघावं. तिथे आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, आणि सगळ्यात शेवटी बायका चुलीपुढे उरलंसुरलं घेऊन बसणार. त्यातून आतोबा नोकरीला मुंबईत, गावकीच्या खोलीवर वाडीतल्याच बाप्यांबरोबर राहायचे. घरी यायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. तेव्हाही ते बाहेर ओटीवर जेवत आणि आत्या आत भाकऱ्या थापत असे. "माजा नवरा जेवताना कसा दिसतो, ते मला साठी येईस्तोवर ठाव नव्हतं," हे ती कुणालाही सांगते, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा.

आतोबा निवृत्त होऊन कायमचे घरी आले, त्याच दिवशी आत्याने चुलीसमोर दोन ताटं शेजारीशेजारी मांडली आणि त्यातल्या एकावर स्वतः बसली. तिचे थोरले दीर भिंतीपलीकडे राहतात. घराण्याचा मान, रीतभात आणि इतरांच्या चुका ही तिन्ही खाती त्यांच्याकडे असतात. त्यांनी दारात उभं राहून, आपल्या घरात असं कधी झालं नाही, वगैरे सुनावलं. आत्याने घास चावून गिळला आणि शांतपणे म्हणाली, "भावजी, तुमी तुमच्या ताटात बघा." त्यानंतर ते बरेच दिवस तिच्याशी बोलत नव्हते, आणि ते दिवस फार सुखाचे गेले असं आत्या सांगते.

आता आत्याच्या घरचे जेवणाचे नियम. भाकरी गरम वाढायची म्हटलं की कुणीतरी तव्यापाशी अडकणार आणि मागून जेवणार, म्हणून तिच्याकडे सगळ्या भाकऱ्या आधी भाजून होतात आणि गारच खाल्ल्या जातात. गार भाकरीने आजवर कोण मेलंय, असा तिचा सवाल असतो. कालवण आतोबांनी करायचं. खोलीवर पाळीपाळीने रांधायची पद्धत होती, त्यामुळे त्यांचा हात चांगला. फक्त तो सवयीने अख्ख्या खोलीच्या मापाने चालायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन माणसांसाठी टोपभर आमटी केली. वाडीतल्या घराघरात आमटी पोचली, थोरल्या दिरांकडेही पोचली, आणि अबोला धरलेला असूनही त्यांनी टोप घासून परत पाठवला. एकदा ताटावर बसलं की कुणी उठायचं नाही, हा शेवटचा आणि सगळ्यात कडक नियम. पाण्याचा तांब्या, चटणी, कांदा, सुकटीची वाटी असं सगळं आधीच भोवती मांडून ठेवायचं. माझ्या नवऱ्याला हे माहीत नव्हतं. महाडच्या घरी गरम पोळीची वाट बघत बसणारा तो माणूस, लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला बसला आणि कुळथाच्या पिठल्यात मीठ कमी आहे असं म्हणाला. सगळे जेवत राहिले. त्याने पुन्हा म्हटलं तेव्हा आत्या मायेने म्हणाली, "आता उद्या हां, जावईबापू." तेव्हापासून आमच्या घरी जेवायच्या आधी मिठाची बरणी तोच आणून ठेवतो, त्यामुळे मी आत्याची कायमची ऋणी आहे.

पण वाडी ती वाडीच. ताटं शेजारी असली तरी कुणीतरी दारातून "काकी गो" अशी हाक मारणारच, कुणाला विरजण हवं, कुणाला विळी. यावर तोडगा म्हणून आत्याने दर शनिवारी हॉटेलात जेवायचं ठरवलं, कारण हॉटेलात तिला हाक मारणारं कुणी नाही. ठेवणीतली साडी नेसून, आतोबांना इस्त्रीचा सदरा घालायला लावून ती सहाआसनी रिक्षाने पोलादपूरला उतरते आणि तिथून एसटीने महाडला येते. स्टँडजवळच्या एका साध्या हॉटेलात दोघं समोरासमोर बसतात. शेजारी बसायचं नाही, कारण शेजारून नवरा नीट दिसत नाही. पहिल्याच खेपेला तिथल्या म्हाताऱ्या वेटरने रिवाजाप्रमाणे आतोबांचं ताट आधी आणलं. आत्याने ते परत न्यायला सांगितलं. दुसरं येतंच आहे, असं तो बिचारा म्हणाला. तर मग हेही तेव्हाच येऊ दे, असं तिने ऐकवलं, आणि आतोबांच्या पुढ्यातली माशाची आमटी खरोखर आत परत गेली. तेव्हापासून तो वेटर दोन हातांत दोन ताटं घेऊन येतो आणि एकदमच टेबलावर टेकवतो. वाडीत अर्थातच चर्चा झाली. म्हातारपणी ही कसली थेरं, असं थोरले दीर म्हणाले. तरुणपणी सवड नव्हती, असं आत्याने कळवलं.

गेल्या दिवाळीनंतर आतोबांचं पोटाचं ऑपरेशन झालं. दवाखाना महाडातच, म्हणून नंतर काही दिवस दोघं आमच्याकडे राहिली. डॉक्टरांनी मऊ भात, मुगाचं वरण आणि ताक एवढंच सांगितलं. बाहेरचं खाणं कायमचं बंद. थोरले दीर बघायला आले आणि, सुटलं एकदाचं हॉटेल, असं समाधानाने म्हणाले. आत्याने त्यांना आणखी चहा विचारला, आणि तिच्या त्या गोडव्याचीच मला धास्ती वाटली. शनिवारी सकाळी तिने माझ्याकडे डबा मागितला.

मीही दोघांसोबत हॉटेलात गेले. गल्ल्यावर आता जुन्या मालकाचा मुलगा बसतो आणि त्याने डोक्यावरच्या भिंतीला पाटी लावली आहे, बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत. डबा बघून तो उठून आला. बोलायला अदबशीर होता. आजी, नियम सगळ्यांना सारखा, आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळेच डबे घेऊन येतील, असं त्याने समजावलं. आजूबाजूचे लोक जेवायचे थांबून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आत्याला हळूच म्हटलं की घरी जाऊ, तिथे मांडते दोन्ही ताटं एकदम. आतोबाही अर्धवट उठले. आत्याने त्यांना हाताने खाली बसवलं आणि मालकाकडे वळली.

"बाबा, तुजा नियम जेवणाचा हाय. माजा ताटाचा हाय. मी तुजं जेवन जेवते. ह्यांना नुस्तं रिकामं ताट दे. त्यात काय घालायचं ते डॉक्टरनं सांगितलंय, मी नाय. ह्यांना बाकड्यावर तसंच बसवून मी एकटी जेवायची नाय, आनि हितनं उठायची पन नाय."

आवाज जराही चढला नव्हता. मालकाने पाटीकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकांकडे पाहिलं. तो काही बोलणार एवढ्यात आतून म्हातारा वेटर आला, नेहमीसारखा दोन्ही हातांत ताटं घेऊन. एक वाढलेलं, दुसरं घासूनपुसून कोरडं केलेलं रिकामं. दोन्ही त्याने एकदम टेकवली. मालक गल्ल्यावर परत जाऊन मोबाइलमध्ये बघू लागला. आणि ज्या आत्याची मला घटकेपूर्वी लाज वाटत होती, तिचा मला इतका अभिमान वाटला की माझं ताट यायच्या आधीच माझे डोळे भरून आले.

आता ती दोघं पुन्हा वाडीत राहतात आणि दर शनिवारी डबा घेऊन महाडला येतात. पाटी अजून आहे. ती सगळ्यांना लागू आहे, आत्याला नाही. परवा मी त्यांच्याबरोबर बसले होते. आतोबांचं जेवण हल्ली फार सावकाश होतं. दोन घास घेतात, थांबतात, पुन्हा घेतात. आत्याचं केव्हाच संपत आलं होतं, पण आधी संपवलं तर त्यांना एकटं जेवावं लागेल, म्हणून ती शेवटचा घास बोटांत धरून बसली होती. हात वाळून गेला होता. बाहेर पोलादपूरची गाडी लागली, भरली आणि सुटलीही. मी तिला म्हटलं, आत्या, तुझी गाडी गेली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "ताकभात यायचा हाय अजून."

मग तिने डब्यातलं ताक त्यांच्या भातावर ओतलं. आतोबांनी तो कालवला, पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. ताकभात खाताना ते नेहमी असे डोळे मिटतात म्हणे. मुंबईतल्या खोलीवरच्या सगळ्या बाप्यांना ते ठाऊक होतं, आत्याला मात्र साठी उलटल्यावर कळलं. हातातला घास तसाच धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली.